सत्त्याहत्तरावे वर्ष, सातवा महिना, सातवी रात्र

गेल्या वर्षी सांगलीच्या घरी आजीने दिनदर्शिकेतील एका तारखेभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले होते. आजोबांना ७७ पूर्ण होऊन चार महिने झाले होते; वर्तुळ आणखी तीन महिन्यांपलीकडे होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिने त्यानंतरवर ढकलली होती. "ती रात्र टळू दे, मग बघू," एवढेच म्हणे. इकडे आजोबांना वर्तमानपत्राचे मथळेही दिसेनासे झाले होते.

मित्रहो, त्या रात्रीचे नाव भीमरथी. आपल्या परंपरेने आयुष्यातील अवघड वळणे आधीच आखून ठेवली आहेत : पन्नाशीला वैष्णवी शांत, ५५ला वारुणी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री. नावे ऐकूनच धडकी भरावी! साठीमागे आकाशाचे गणित आहे. सुमारे १२ वर्षांची गुरूची पाच आवर्तने आणि सुमारे ३० वर्षांची शनीची दोन तेव्हा जवळपास एकत्र पुरी होतात. जन्मवेळचे संवत्सरही पुन्हा येते. ऐंशीनंतर मात्र भीती सरून सोहळा उरतो. २९.५३ दिवसांच्या हिशेबाने १००० पौर्णिमा ८० वर्षे १० महिन्यांत भरतात, तेच सहस्रचंद्रदर्शन.

सातांचे भय रोमनांनाही होते. त्यांच्या लेखी ७ × ९, म्हणजे त्रेसष्टावे वर्ष घातक. सम्राट ऑगस्टसने ६४व्या वाढदिवशी आपल्या नातवाला, गायसला, पत्र लिहून ते वर्ष पार पडल्याचा आनंद कळवला. ऑलस गेलियसने ते पत्र जपून ठेवले. एवढ्यावरून कोणी कोणाकडून उसने घेतले, हे ठरवण्याची घाई मी करणार नाही.

साताऱ्याला परतल्यावर मी वामन शिवराम आपटे यांचा १८९०चा संस्कृत-इंग्रजी कोश उघडला. भीमरथी : सत्त्याहत्तराव्या वर्षातील सातव्या महिन्याची सातवी रात्र. सत्त्याहत्तराव्या वर्षातील! ते वर्ष तर ७६ पूर्ण होताच लागते. आजीने एक वर्ष आणि एक महिना जास्त मोजला होता. ती रात्र दहा महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती.

लगेच फोन केला. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या रात्री कुठं होतो रे आम्ही?"

"इथंच, माझ्याकडे. आजोबा कंदी पेढे खात बारापर्यंत गप्पा मारत बसले होते."

"आणि मी?"

"तू झोपली होतीस."

पुढच्याच आठवड्यात आजोबांचा उजवा डोळा झाला.