जुनी सायकल घ्यावी कीं न घ्यावी

शाळामास्तराला विचारले जाणारे सर्वच प्रश्न क्रमिक पुस्तकांतले नसतात. दाखल्यावरील जन्मतारीख कशी दुरुस्त करावी, मुलाला आय. टी. आय. मध्यें घालावें कीं अकरावीला, बँकेनें पाठविलेल्या कागदावर सही करावी कीं नाहीं, असे प्रश्न घेऊन पालक शाळा सुटल्यावर व्हरांड्यांत थांबतात; आणि मास्तर पदवीधर आहे त्या अर्थीं त्याला हें सर्व ठाऊक असलेंच पाहिजे अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. पावसाळा ओसरल्यावर नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील असाच एक प्रश्न घेऊन आले. त्यांना जुनी सायकल घ्यावयाची होती, आणि ती घेण्याजोगी आहे कीं नाहीं हें मीं पाहून सांगावें एवढीच त्यांची विनंती होती. "सर, तुम्ही रोज सायकलवर शाळेला येतां, तुम्हांला त्यांतलं कळतं. आम्ही नुसता रंग बघतो," असें ते म्हणाले.

विद्यार्थिमित्रहो, प्रश्न लहान दिसतो. त्याच्या मागचा हिशेब मात्र ऐकण्यासारखा आहे. हे गृहस्थ मूळचे मराठवाड्याकडील. मोशीस एका चाळींत खोली घेऊन राहतात आणि इंद्रायणीच्या पलीकडे, कुरुळीच्या बाजूस, एका लहानशा कारखान्यांत ठेकेदाराकडून कामास आहेत. खोलीपासून कारखाना सहा-एक किलोमीटर. जातांना-येतांना मिळून रिक्षाचे साठ रुपये रोज खर्चीं पडतात. दुसरी पाळी रात्रीं उशिरा सुटली म्हणजे रिक्षा मिळेलच असें नाहीं, आणि सकाळच्या पाळीला दहा मिनिटें उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते. त्यांच्याजवळ तीन हजार रुपये होते. ते मुलाच्या पुढील वर्षाच्या, म्हणजे दहावीच्या, पुस्तकांसाठीं व परीक्षेच्या फीसाठीं बाजूस ठेवलेले होते. साठ रुपयांप्रमाणें सव्वीस दिवसांचे पंधराशें साठ वांचतात; म्हणजे सायकल चांगली निघाली तर दोन महिन्यांत ती रक्कम पुनः उभी राहते. वाईट निघाली तर पैसेही गेले आणि रिक्षाही सुटली नाहीं. पैसेवाल्याची सायकल बिघडली तर ती जिन्याखालीं पडून राहते. या गृहस्थांची बिघडली तर त्या दिवसाची हजेरी बुडते. म्हणून त्यांच्यासाठीं सायकल पाहावयाची ती आपल्यासाठीं पाहतों त्याहून कठोरपणें पाहिली पाहिजे, असें मीं मनाशीं ठरविलें.

आमच्या या पट्ट्यांत सायकलीचें आणि कामगाराचें नातें जुनें आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पाठोपाठ मोठमोठे कारखाने आले. पाळी सुटली म्हणजे फाटकांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, असें वडीलधारी मंडळी सांगतात. पुढें आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरी निघाल्या, १९७२ त 'चेतक' आली. परंतु तिच्यासाठीं नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि तोंपर्यंत सायकलच खरी. पुण्यास तर सायकलींचें शहरच म्हणत. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला नसला किंवा रात्रीं दिवा नसला तर पोलीस अडवी. आतां कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांनीं जमविलेल्या जुन्या सायकलींचें संग्रहालय आहे. तें २०१७ सालीं खुलें झालें आणि मुलांनीं एकदां अवश्य पाहावें असें आहे. तेथील सायकलींचें भाग्य एवढेंच थोर कीं त्यांनीं नुसतें उभें राहिलें तरी चालतें.

पहिली सायकल प्राधिकरणांतील एका सोसायटीच्या वाहनतळांत होती. २०२० च्या टाळेबंदींत कोणीं तरी हौसेनें घेतलेली, एकवीस गिअरांची, पुढें शॉक-अॅब्सॉर्बर असलेली. धुळीखालीं तिचा लाल रंग अद्याप तजेलदार होता. किंमत तीन हजार. टायरांच्या कडा उन्हानें तडकल्या होत्या, गिअरच्या तारा गंजून अडकल्या होत्या, आणि डबा बांधावयास कॅरिअर नव्हतें कीं चिखल अडवावयास मडगार्ड नव्हतें. असल्या सायकलीचा सुटा भाग मोशीच्या रस्त्यावरील मिस्त्रीपाशीं मिळावयाचा नाहीं. मला तेथें पांच मिनिटांपेक्षां अधिक वेळ लागला नाहीं.

दुसरी सायकल मात्र मोहांत पाडणारी होती. रस्त्याच्या कडेला जुन्या सामानाचा व्यवहार करणाऱ्या एका माणसाकडे ती उभी होती. जवळजवळ नवी, टायरांवरील नक्षी जशीच्या तशी, आणि किंमत अवघी दोन हजार. गृहस्थांचा चेहरा उजळला. मीं सायकल उलटी करून सीट व हँडल यांवर उभी केली. दोन्ही पायडलांमधील आंस ज्या आडव्या नळींतून जातो तिच्या खालच्या अंगास, किंवा सीटच्या नळीवर, कारखान्यानें सांगाड्याचा क्रमांक ठोकलेला असतो. जुन्या सायकलींवर तो रंगाच्या थरांखालीं बुजतो किंवा गंजानें खाल्ला जातो, आणि तेवढ्यावरून कोणाविषयीं वाईट तर्क करणें बरें नव्हे. परंतु येथें नव्या रंगाच्या मधोमध दोन बोटें लांबीचा पट्टा कानशीनें घासून उघडा केलेला होता. बिल मागितलें, बिल नव्हतें.

आम्ही थोडे बाजूस झालों. "सर, सायकलीचा नंबर कोण बघतंय?" असें ते हळूच म्हणाले. त्यांत लबाडी नव्हती. हजार रुपये वांचत होते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. चोरीचा माल चोरीचा आहे हें जाणून, किंवा तसें मानण्यास कारण असतांना, अप्रामाणिकपणें घेणें हा तिच्या कलम ३१७ प्रमाणें अपराध आहे, हें मीं त्यांना सांगितलें. कानशीची खूण डोळ्यांनीं पाहिल्यावर कारण नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. ते ऐकत होते, पण कायदा त्यांना फारसा लागला असें दिसलें नाहीं. मग मीं विचारलें कीं, या पट्ट्यांत इतकी नवी सायकल कुलूप लावून कारखान्याबाहेर कोण उभी करतो? त्यावर त्यांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं, आणि थोड्या वेळानें स्वतःच रस्त्याकडे चालूं लागले.

तिसरी सायकल भोसरीस एका दुरुस्तीच्या दुकानांत मिळाली. काळी, उभ्या घडणीची, दांड्यांचे ब्रेक असलेली. नळीवर 'अॅटलस' हें नांव अर्धवट पुसलेलें. १९५१ सालीं सोनीपत येथें निघालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजीं, म्हणजे नेमका जागतिक सायकलदिनीं, बंद पडला. गृहस्थांना ती शंका आलीच. कंपनी बुडाली तर सामान कोठून आणावयाचें? परंतु अशा काळ्या सायकली कोणत्याही कंपनीच्या असोत, त्यांचीं मापें बहुतेक एकच असतात. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यांनीं 'रोव्हर' सायकल काढली. जवळजवळ सारखीं दोन चाकें आणि मागील चाकास साखळी ही तिची मांडणी आजतागायत टिकली आहे. अठ्ठावीस इंची टायर, साखळी, छर्रे हें सर्व खेड्यांतल्या दुकानींही मिळतें.

म्हणून पाहावयाचा तो सांगाडा. बाकी सर्व भाग बदलतां येतात. सांगाडा वांकला असेल तर त्या सायकलींत घातलेला पैसा वायां गेला. प्रथम हँडलच्या नळीमागें, वरच्या व तिरप्या नळीच्या खालच्या अंगानें बोट फिरवावें. सायकल समोरून कशावर तरी आदळली असेल तर तेथें फुगवटी लागते किंवा रंगाला सुरकुत्या दिसतात. बाजूनें पाहिलें असतां पुढचा चिमटा नळीच्या रेषेंतच खालीं उतरून मग अलगद पुढें वळला पाहिजे. नंतर मीं खिशांतली सुतळी काढली. मागील चाकाचा आंस ज्या दोन खाचांत बसतो त्यांपैकीं एकीला सुतळीचें टोंक बांधावें, ती पुढें नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालावा, आणि दुसऱ्या बाजूनें मागें आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधावी. मग सीटच्या नळीपासून दोन्हींकडील सुतळीचें अंतर मोजावें. मुलगा बरोबर होता. पट्टी त्याच्या हातीं दिली. त्यानें डावीकडे मोजलें, उजवीकडे मोजलें, पुनः डावीकडे मोजलें, आणि म्हणाला, "सर, हा तर समद्विभुज त्रिकोण झाला, आणि सीटची नळी मध्यगेवर आहे." अंतरें सारखीं भरलीं होतीं. वर्गांत हें प्रमेय सांगतांना त्याची मुद्रा इतकी प्रसन्न मीं कधीं पाहिली नव्हती.

त्याच पट्टीनें साखळी मोजली. साखळीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते. म्हणून चोवीस कड्या नव्या साखळींत बरोबर बारा इंच भरतात. षोडशांश इंच वाढली तर साखळी बदलावी, अष्टमांश वाढली असेल तर तिनें मागच्या फ्रीव्हीलचे दाते खाल्ले असें समजावें. येथें वाढ अष्टमांशाहून किंचित् अधिकच होती. पुढच्या चक्राचे दाते मात्र सरळ होते, करवतीसारखे झाले नव्हते. मागच्या चाकाच्या तीन तारा तुटून त्याला आऊट आला होता आणि मागचा टायर संपला होता. पायडलचे दांडे धरून आडवे हलविले तेव्हां आंस खडखडला नाहीं. सांगाडा बावीस इंची. गृहस्थ दोन्ही पाय जमिनीवर टेकून वरच्या नळीवर उभे राहिले तेव्हां दोन बोटें जागा उरली, म्हणजे माप त्यांच्या उंचीचें होतें. चोवीस इंचीवर हाच माणूस प्रत्येक चौकांत एका पायावर लटकत उभा राहिला असता.

विकणाऱ्याची मागणी सोळाशें. मिस्त्रीनें दुरुस्तीचा हिशेब दिला तो असा: साखळी २२०, फ्रीव्हील १८०, मागचा टायर व ट्यूब ४८०, तारा घालून आऊट काढणें १५०, ब्रेकचे रबर ६०, आणि 'ओव्हरऑइलिंग' ३५०. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, परंतु सायकल सगळी खोलून, छर्रे धुऊन, ग्रीस भरण्याच्या कामाला मिस्त्रीचाच शब्द अधिक शोभतो.) एकूण १,४४०. हीच सायकलीची खरी किंमत ठरविणारी बेरीज. सोळाशें हा आंकडा नुसता उंबरठा. दोन्ही मिळून ३,०४० होतात, आणि हातांत तीन हजार. तशीच नवी सायकल त्या दुकानांत साडेपांच हजारांना होती; २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर आल्यानें नवी घेणेंही पूर्वीइतकें जड राहिलेलें नाहीं. दुरुस्तीसह जुनी सायकल नवीच्या दोन-तृतीयांशाहून महाग पडत असेल तर थांबून नवी घ्यावी, असें माझें स्वतःचें माप आहे. ही त्याच्या आंत बसत होती. मीं मोजलेली साखळी आणि तुटलेल्या तारा विकणाऱ्याला दाखविल्या, तेव्हां तो चौदाशेंवर आला. एकूण झाले २,८४०. घासाघीस करण्यांत मला मुळींच हांव नाहीं, परंतु दोषाकडे बोट दाखवून मागितलेली सूट ही घासाघीस नव्हे.

पैसे देण्यापूर्वीं मीं बिल लिहून घ्यावयास लावलें. छापील नव्हतें, वहीच्या कागदावर सायकलीचें नांव, सांगाड्याचा क्रमांक, किंमत, तारीख, विकणाऱ्याचें नांव आणि सही. क्रमांक येथें स्पष्ट वाचतां येत होता. मुलानें तो आपल्या भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावरही उतरून घेतला.

उरले एकशें साठ रुपये. गृहस्थांना सीटचें नवें कव्हर हवें होतें. मीं म्हटलें कीं, नाशिकच्या हमरस्त्यावर कंटेनर मागून येतात, आणि दुसरी पाळी सुटते तेव्हां रात्र असते. आधीं मागें रिफ्लेक्टर बसवा. त्यांनीं मान डोलावली. मिस्त्रीनें मागील मडगार्डच्या टोंकाला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला, त्यावर लाल रिफ्लेक्टर बसविला, आणि जुन्या सामानांतील एक वाजती घंटी शोधून फुकट लावून दिली. उरलेल्या पैशांत हँडलला बांधावयाचा एक लहान दिवा आला. त्या दिवशीं त्यांची दुसरीच पाळी होती. काम पुरें होईतों अडीच वाजत आले. मुलाला बसमध्यें बसवून ते डबा कॅरिअरला अडकवीत मोशीच्या बाजूनें निघाले.