पावसाचा ऊस

दोन वर्षांमागे आम्ही तिघाचौघांनी फावल्या वेळात एक उद्योग सुरू केला होता. मराठी लेखांचा ढीग संगणकापुढे ठेवायचा आणि हा पावसापाण्यावरचा, हा नाटकावरचा, हा स्वयंपाकाचा अशी वर्गवारी त्याला शिकवायची. प्रोग्राम सगळ्यांना खुला. कोणीही वाचावा, दुरुस्त करावा. प्रत्यक्षात दुरुस्त करायला कोणी फिरकत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही फारसे फिरकत नव्हतो.

अशात भोपाळहून एका मुलीची मेल आली. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आजोबा नोकरीसाठी गेले ते तिकडचेच झाले. मशीन लर्निंग शिकायचं आहे, काही काम द्याल का, असं विचारत होती. पहिल्या मेलमध्ये मी 'सर' होतो, तिसऱ्या मेलपर्यंत 'काका' झालो.

आम्ही ज्या सायकिट-लर्नवर हे सगळं उभं केलं होतं त्याची गोष्ट मी तिला सांगितली. जगभर वापरलं जाणारं हे मुक्त साधन २००७ साली गूगलच्या 'समर ऑफ कोड'मध्ये डेव्हिड कुर्नापो या विद्यार्थ्याचं सुट्टीतलं काम म्हणून सुरू झालं. ती खूश झाली. मग मी तिला आमचं दुखणं दिलं: आपला प्रोग्राम पावसावरचा लेख खुशाल स्वयंपाकात टाकतो, बघ काय करता येतं.

आणि वर जाणत्या माणसाच्या थाटात निदानही देऊन टाकलं. लेख कमी पडतात, आणखी गोळा कर. ती बिचारी तीन आठवडे लेख गोळा करत, साफ करत बसली. फरक शून्य. "काका, मला वाटतं हे माझ्याच्याने नाही होणार," असं तिने लिहिलं तेव्हा मी धीर वगैरे दिला. मोठ्यांना धीर देणं फार सोपं असतं.

चार दिवसांनी रात्री अकराला मेल आली, एकाच ओळीची. "काका, आपल्या शब्दांच्या यादीत 'पाऊस' कुठेच नाही, 'ऊस' मात्र खूप आहे."

मी यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. 'मराठी'च्या जागी 'मर' होतं. 'नाटक'चं 'टक', 'समुद्र'चा 'सम', 'कविता'चं 'कव'. 'आई' धडधाकट होती, 'बाबा' मात्र गायब. 'गोवा' आणि 'भोपाळ' दोन्ही नकाशावरून पुसलेले!

प्रकार असा. लेखाचे शब्द पाडायचं काम ते साधन एका ठरीव नमुन्याने करतं: सलग दोन किंवा जास्त अक्षरं म्हणजे शब्द, एकटं अक्षर सोडून द्यायचं. इंग्रजीला हे ठीक. पण पायथनच्या या नमुन्याच्या हिशेबी 'क' हे अक्षर, काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्त ही अक्षरंच नव्हेत. त्यामुळे मात्रा आली की शब्द तुटतो. 'गोवा'चे उरतात ग आणि व, दोन्ही एकटे, म्हणून दोघांनाही वाट दाखवली जाते. पायथनकडे ही तक्रार हिंदीच्या उदाहरणासकट २००७ सालीच नोंदवली गेली होती. सायकिट-लर्नमध्ये नमुना आपला आपण देण्याची सोय आहेच. ती वापरायला हवी होती मी. ती ओळ माझी होती. दोन वर्षं मी एकदाही यादी उघडून पाहिली नव्हती.

यापुढचं सांगायला जरा लाज वाटते. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मी त्याच रात्री ती करून, चढवून, समाधानाने झोपलो. सकाळी तिचा निरोप होता, "काका, ते माझं होतं ना." रागाचा एक शब्द नाही. मी माझा बदल मागे घेतला आणि तसं नोंदवहीत लिहिलं.

मग तिने केला. पूर्ण देवनागरीचा पट्टा घेतला, युनिकोडमधल्या सगळ्या १२८ जागा. पाऊस परतला. पण त्या पट्ट्यात दंडही येतो, तेव्हा अभंगांतले शेवटचे शब्द शेपटीला दंड बांधून आले. मी या वेळी गप्प राहिलो. दोन दिवस लागले, पण तिला सापडलं.

नंतर कामानिमित्त भोपाळला जाणं झालं, तेव्हा भेटलो भारत भवनात. चार्ल्स कोरियांची ही १९८२ सालची वास्तू मोठ्या तलावाच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. मांडवीकाठची आपली कला अकादमीही त्यांचीच, त्यामुळे मला तिथे परकं असं वाटलंच नाही. मुलीबरोबर तिचे बाबा आले होते. ते चहा आणायला गेले आणि तिने लॅपटॉप उघडला.

"काका, हे बघा ना. 'दऱ्या' काही लेखांत नीट येतं, काहींत 'दर्' आणि 'या' असे दोन तुकडे होतात."

जुन्या टायपिंगची करामत. तो र काढायला पूर्वी बरेच जण र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरत, आणि ते चिन्ह देवनागरीच्या पट्ट्याबाहेर राहतं. मी एवढंच म्हटलं की दोन लेखांतला तो शब्द चिन्हाचिन्हाने सुटा करून बघ.

"पण काका, 'दर्या' असंच सगळीकडे लिहिलं तर?"

"दर्या म्हणजे समुद्र. आमच्याकडे तर रोजचा शब्द. दऱ्या त्या डोंगरातल्या."

तिने मान वर करून तलावाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. "मग दोन्हींची टेस्ट लिहावी लागेल," म्हणाली आणि टाइप करायला लागली. तिचे बाबा चहा घेऊन आले तेव्हा आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं.