आपल्या येण्याचा आवाज

पहिल्या दिवशी मी मामांना तीनशे रुपये दिले. त्यांनी ते मोजले, घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले आणि म्हणाले, "बरं झालं, सुट्टे दिले." त्यांच्या लेखी व्यवहार तिथं संपला. माझ्या लेखी तो अजून चालू आहे.

मामा म्हणजे नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याकाठचे एक म्हातारे गृहस्थ. आधी मासेमारी, जोडीला थोडी शेती, आणि मग पक्षी बघायला येणाऱ्या शहरी लोकांना दुर्बीण घेऊन फिरवणं. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. गावातली पोरंही मामा म्हणतात, वनखात्याची माणसंही मामाच म्हणतात.

त्यांच्याकडे मी पक्ष्यांसाठी गेलेच नव्हते. गेले ती तोंड लपवायला.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यात गारा पडल्या, त्या निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना अजून आठवतात. ऑक्टोबरात छाटणी केलेली, औषधाच्या फवारण्या झालेल्या, घडात साखर उतरलेली, व्यापारी बाग बघून गेलेला. आणि अर्ध्या तासात मणी फुटून जमिनीवर रसाचा चिखल. मी तेव्हा समुपदेशनाचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला होता. वहीत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स होता. त्यानं आणि रिचर्ड फार्सननं १९५७ साली 'सक्रिय ऐकणं' म्हणून जे मांडलं, त्याच्या टिपा मी रंगीत पेनानं अधोरेखित केल्या होत्या. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा, भावनेला नाव द्या, मान हलवा. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की..." हे वाक्य मी इतक्यांदा म्हणत असे, की घरात मुलगा माझी नक्कल करायचा. रॉजर्सचा यात काही दोष नाही. त्यानं वृत्ती सांगितली होती, मी वाक्य उचललं.

एक तरुण बागायतदार बायकोला घेऊन आला. तिशीचा असेल. मी त्याच्याशी पाऊण तास बोलले. कर्जाचं पुनर्गठन, पंचनामा, रात्रीची झोप, दीर्घ श्वास, सगळं. दोघं पुन्हा आले नाहीत. पंधरा दिवसांनी मी फोन केला, तो बायकोनं उचलला. "ताई, तुम्ही लई छान बोलल्या त्या दिवशी," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, हे वाईट. त्या पाऊण तासात तो माणूस काय बोलला होता ते आठवायला मी बसले, तर मला त्याची तीनच वाक्यं आठवली. त्यातलं एक "पाणी मिळेल का" हे होतं.

त्याच वर्षाच्या शेवटी, हिवाळ्यात, एका मैत्रिणीनं मला गाडीत घातलं. चांदोरी, सायखेडा, पुढं उसाच्या बैलगाड्या, आणि चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यापाशी मामा. पाण्यावर काळे ठिपके पसरले होते. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून त्या पक्ष्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. मी लगेच विचारलं, "हे कोणते? ते पलीकडचे कोणते? आणि तो आवाज कोणाचा?"

मामांनी दुर्बीण दिलीच नाही. म्हणाले, "बसा जरा ताई. आत्ता कुठं आल्या तुम्ही. त्यांना कळू द्या."

"काय कळू द्या?"

"तुम्ही आल्या ते. आत्ता जे ऐकू येतंय ना, ते तुमचंच येणं आहे."

वीस मिनिटं बसलो. मैत्रीण वैतागली, थंडी होती. पण झालं असं की पहिली पाचेक मिनिटं जो कलकलाट होता, तो हळूहळू बसला. मग काही वेळ नुसतं पाणी. आणि त्यानंतर लव्हाळ्यातून, कमळाच्या पानांवरून, मागच्या बाभळीतून बारीकसारीक आवाज सुरू झाले. खाण्याचे, भांडणाचे, पिल्लांना हाकारण्याचे. संसाराचे आवाज. आधीचा सगळा गलबला आमच्याबद्दल होता. हा त्यांचा स्वतःचा होता.

मला तो तरुण बागायतदार आठवला. माझ्यासमोर तो जे काही बोलला, ते माझ्या येण्याला दिलेलं उत्तर होतं. मॅडम आहेत, शहरातल्या आहेत, फाइल घेऊन बसल्यात, त्यांना शोभेल असं बोलावं. तो गलबला बसायच्या आतच मी त्याला नाव देऊन मोकळी झाले होते.

तेव्हापासून मी पहिल्या भेटीत पहिली वीस मिनिटं काहीच लिहून घेत नाही. चहा, गावाकडचा पाऊस, एसटीची वेळ. पुष्कळदा खरं वाक्य येतं ते उठल्यावर, दारात, चपला घालताना. माणूस वाकलेला असतो, तोंड दिसत नसतं, आणि पट्टा लावता लावता तो सांगतो. म्हणून माझ्या खोलीबाहेर मी चपलांच्या जागेशी एक स्टूल ठेवलं आहे. मी तिथं जाऊन बसते. सहकाऱ्यांना ते चमत्कारिक वाटतं.

हे सगळं जिथं शिकले, ती नांदूर मध्यमेश्वरची जागा मुळात फसलेल्या हिशोबातून झाली आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कालव्यांना पाणी द्यायला बंधारा घातला. शंभरेक वर्षं दोन्ही नद्यांचा गाळ येत राहिला. पाणी साठवायची जागा कमी होत गेली, उथळ पाणी, बेटं आणि लव्हाळं वाढत गेलं, आणि ते पक्ष्यांना मानवलं. सालिम अलींनी त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं सगळे सांगतात. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं, राज्यातली पहिली पाणथळ जागा म्हणून. नाशिकच्या पंचक्रोशीत रामाचं नाव सगळीकडं, म्हणून मामांना वाटलं की रामसर म्हणजे रामाचं सरोवर. मी सांगितलं, रामसर इराणातलं गाव आहे, १९७१ साली तिथं पाणथळ जागांचा करार झाला. मामा म्हणाले, "असंल. आपली पाखरं तिकडूनच तर येतात."

एप्रिलमध्ये पाणी उतरतं आणि काठच्या उघड्या रानात टिटवी अंडी घालते, खड्यांत खड्यांसारखीच. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होणार, असं आमच्या पंचवटीच्या वाड्यात आजी म्हणायची. मामांबरोबर एकदा चालत होते तर एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत आकांत करू लागली. मी घरटं शोधायला ती ओरडत होती तिकडं निघाले. मामांनी दंड धरला. "तिथं काई नाही. ती जिथं जास्त बोंबलते, तिथून घर लांब असतं. ती गप्प राहून कुठं बघते ते बघा."

ही गोष्ट ऐकली तेव्हा मजा वाटली, इतकंच. दोन वर्षांनी एक मोठे बागायतदार माझ्याकडे आले. एक व्यापारी माल उचलून पैसे न देता पळाला होता; असं आमच्याकडे दर हंगामात कोणा ना कोणाचं होतं. चार बैठका ते त्या व्यापाऱ्याला शिव्या देत होते. आवाज चढायचा, टेबलावर हात आपटायचे. पाचव्या बैठकीत माझ्या लक्षात आलं की मुलाचा विषय निघाला की ते एकदम हळू बोलतात आणि खिडकीबाहेर बघतात. मी व्यापाऱ्याबद्दल विचारणं सोडलं. मुलाबद्दलही विचारलं नाही, मामांनी दंड धरला होता. नुसती त्या बाजूला तोंड करून बसले. सातव्या बैठकीत ते स्वतःच सांगू लागले की मुलगा व्यवहाराला नको म्हणत होता आणि यांनी चारचौघांत त्याला गप्प बसवलं होतं. तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते.

आता या सगळ्याला नाव आलं आहे. निसर्गाशी जोडलेलं कोचिंग. कोच म्हटलं की आमच्या पिढीला क्रिकेटचा सर किंवा रेल्वेचा डबा आठवतो, पण असो. गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये अशा शिबिराला मी गेले होते. अनवाणी गवतावर चालणं, झाडाला पाठ टेकून बसणं, मग जोडीदाराचं दहा मिनिटं मधे न बोलता ऐकणं. मी हसायच्या तयारीनं गेले होते आणि तितकीशी हसले नाही. चार भिंतींत समोरासमोर बसलं की माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असल्यासारखा बोलतो. शेजारी शेजारी, एकाच झाडाकडं बघत बसला की जीभ सैल होते, हे खरंच आहे. आपले लोक पारावर आणि बांधावर तेच करत आले. फक्त दर तासाला घंटा वाजवून "आता मौन" म्हणणारा मार्गदर्शक मला पेलवला नाही. मौनाला घंटा कशाला?

त्या शिबिरात एक शब्द मात्र मिळाला, त्याबद्दल मी ऋणी आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन या आदिवासी शिक्षिकेनं १९८८ साली आपल्या लोकांची एक रीत जगाला सांगितली: दादिर्री. खोलवर, निवांत, वाट बघत ऐकणं. तिच्या लोकांच्या भाषेच्या नावाचाच अर्थ 'खोल पाण्याचे आवाज' असा आहे. मी मामांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "ती बाई नदीकाठची आहे का?" आहे, डेली नदीकाठची. "मग बरोबर," ते म्हणाले आणि विडी पेटवली.

पाण्याच्या आवाजाचा खरा धडा २०१६ चा. आम्हा नाशिककरांचं पुराचं माप डोळ्यांचं. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. त्या ऑगस्टमध्ये गोदेला मोठा पूर आला, चांदोरी-सायखेड्यात पाणी घुसलं. आठवड्यानं फोन लागला तेव्हा मी विचारलं, मामा, रात्री कळलं कसं? ते म्हणाले, "बंधारा गप झाला." मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. रोजचं पाणी बंधाऱ्यावरून खाली पडतं, त्याची घरघर रात्रभर गावात असते, इतकी की ती कोणाला ऐकूच येत नाही. पूर वाढला की घरघर वाढते. तोवर माणूस खाटेवर पडून राहतो. पण खालच्या अंगाचं पाणीच चढत चढत वरच्या पाण्याला भिडलं, की पडायला उंची उरत नाही. धार बुडते. आवाज खाली येतो. "अडाणी माणसाला वाटतं, पूर ओसरला. आम्ही उठून गुरं सोडतो."

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्याकडे येणारी एक मुलगी, जी दर आठवड्याला रडायची, भांडायची, दार आपटून जायची, ती एक दिवस शांतपणे येऊन म्हणाली, "आता सगळं छान आहे, मॅडम." केस नीट विंचरलेले. एरवी मी सुटकेचा श्वास घेतला असता, वहीत 'सुधारणा' लिहिलं असतं. त्या दिवशी माझ्या पोटात खड्डा पडला. मी तिला जाऊ दिलं नाही, तिच्या आईला बोलावून घेतलं, डॉक्टरांना फोन केला, आणि तिला सरळ शब्दांत विचारलं. तिनं दोन तास काही सांगितलं नाही. मग सांगितलं. ती आज पुण्याला नोकरी करते, दिवाळीला फोन करते. तिला नांदूर मध्यमेश्वर कुठं आहे हेही माहीत नसेल.

मामांना ही गोष्ट मी सांगितलेली नाही. सांगायला गेले होते. ते जाळं दुरुस्त करत होते, मी शेजारी बसले, आणि बोलायचं राहून गेलं.

गेल्या तीनेक वर्षांत मामांचे कान गेले. सगळे नाही, बारीक आवाज आधी गेले, वयाप्रमाणे जातात तसे. करकोच्यांची रांग ओरडत गेली तर त्यांना कळतं, टिटवी कळते. लव्हाळ्यातले वटवटे, सुगरणीचं चिवचिवणं, ते गेलं. मी त्यांना नाशिकला आणलं, तपासण्या केल्या, यंत्र घेऊन दिलं. वाटलं, ऋणाची चार आणे तरी फेड. आठवड्यानं गेले तर यंत्र डबीत आणि डबी देवळीत. "समदंच मोठं झालं," ते म्हणाले. "मोटारसायकलबी मोठी, सूनबाईची भांडीबी मोठी. पाखरू त्याच्यातच कुठंतरी." पुन्हा जाऊन यंत्र बसवून घेतलं, थोडा फरक पडला. ते फार वापरत नाहीत.

या जानेवारीत गेले होते. थर्मासमधून बिनसाखरेचा चहा नेला होता. साखर त्यांना बंद आहे, पण ते सूनबाईच्या नकळत खातात, म्हणून मी मुद्दाम तसाच नेते आणि ते मुद्दाम तोंड वाकडं करतात. मनोऱ्यापाशी पुण्याची काही मुलं मोठ्या कॅमेऱ्यांनिशी आली होती. त्यांना नातू फिरवत होता, चांगला तयार झालाय. आम्ही दोघं खाली, बाभळीपाशी बसलो. पाण्यावर वारकरी होते. नेहमीप्रमाणे वीस मिनिटं कोणी बोललं नाही.

मग मामांनी लव्हाळ्याकडं हनुवटीनं दाखवलं. "काई बोलतंय का तिथं?"

बोलत होतं. कर्कश, भरभर, मधेच गोड, मधेच जणू घशात खडा अडकलाय असं. वटवट्याच. मी सांगितलं.

"एकच?"

मी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हटलं, "नाही. दुसरा आहे, उजवीकडं, लांब. पहिला थांबला की तो बोलतो."

मामा पाण्याकडं बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, चहाचा कप हातात तसाच धरून.

"सांगत राहा," ते म्हणाले.