झोपेच्या उंबरठ्यावर जागं राहताना

झोप नेमकी कधी लागते, हे आपल्याला कधीच कळत नाही. गादीवर पडल्याचं आठवतं, मोबाइल उशीखाली सरकवल्याचं आठवतं आणि मग थेट सकाळ. मधला तो क्षण रोज येतो, पण तो पाहायला आपण हजर नसतो. गेली तीन वर्षं मी त्या क्षणी हजर राहायचा प्रयत्न करते आहे.

हे काही हौसेने सुरू केलं नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये बाबा कोविडने गेले. गुंडाळलेला देह, तोही लांबून. चेहरा दिसला नाही. त्यानंतर ते स्वप्नात यायचे, अगदी साधे. मिशी कातरताना, रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना. स्वप्नात मला कधीच आठवायचं नाही की ते आता नाहीत. ते जाग आल्यावर आठवायचं. म्हणजे दर वेळी ते नव्याने जायचे. मला एवढंच हवं होतं की स्वप्न चालू असतानाच कळावं, हे स्वप्न आहे. निरोप तरी नीट घेता येईल.

याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. डच मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक फ्रेडरिक फान एडन यांनी १९१३ साली हा शब्द रूढ केला, पण गोष्ट जुनी आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत स्वप्नयोगाची रीतसर साधना आहे. प्रयोगशाळेत अडचण एकच होती. झोपलेला माणूस ‘मला कळतंय’ हे सांगणार कसा? स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू बंद ठेवतो, पण डोळे हलत राहतात. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. स्वप्नात भान आलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवायचे, असं अ‍ॅलन वर्स्ली यांच्याशी ठरलं होतं. यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं. २०२१ साली तर संशोधकांनी स्वप्नात असलेल्या माणसांना साधी वजाबाकी विचारली आणि काहींनी डोळ्यांनी बरोबर उत्तर दिलं.

माझी पद्धत पहाटेची. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि रात्र सरते तसा त्यात रेमचा वाटा वाढतो. म्हणून रात्री अकराला झोपून पहाटे चारचा अलार्म लावायचा. उठून पाणी प्यायचं, पंधरा-वीस मिनिटं मंद उजेडात बसायचं, मोबाइलला हात लावायचा नाही. मग पाठीवर पडून मोजायचं. एक, मी जागी आहे. दोन, मी जागी आहे. जास्त लक्ष दिलं तर झोपच येत नाही, सोडून दिलं तर भान जातं. पतंगाला ढील द्यायची, पण फिरकी हातातून सोडायची नाही, तसं.

आधी मिटल्या डोळ्यांपुढे ठिपके हलतात, मग अनोळखी चेहरे येतात, कुणीतरी नावाने हाक मारतं. कधी अंग दगडासारखं जड होतं, छातीवर दाब येतो, बोट हलत नाही. स्नायू अजून रेममध्ये बंद आणि मन जागं, अशी ती गत. माहीत नसेल तर माणूस भुताचं नाव घेतो. मी फक्त श्वास मोजते. थोड्या वेळात ते उतरतं.

अशाच एका पहाटे मी ‘बाहेर’ आले. कानात भुंगा, अंगाखालची गादी निसटली आणि खोली छताजवळून दिसू लागली. यूट्यूबवर यालाच अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शन म्हणतात, सूक्ष्मदेहाचा प्रवास. रॉबर्ट मन्रो या अमेरिकन माणसाने १९७१ साली स्वतःच्या अशा अनुभवांवर पुस्तक लिहिलं. ते खरं असावं, असं मला फार वाटत होतं. मी देहाबाहेर पडू शकत असेन, तर बाबाही कुठेतरी असतील.

म्हणून रूममेटला सांगितलं, कागदावर चार आकडी संख्या लिही आणि कपाटावर ठेव, मला सांगू नकोस. पुढच्या दोन महिन्यांत तीनदा बाहेर आले. पहिल्यांदा आकडे वळवळत होते. दुसऱ्यांदा कागदच नव्हता. तिसऱ्यांदा स्वच्छ वाचलं: ४७१९. सकाळी स्टुलावर चढून कागद काढला. ८०३२. मग लक्षात आलं, छताजवळून दिसलेल्या खोलीला खिडकी डावीकडे होती. तशी खिडकी आमच्या गावच्या घराला आहे, या पुण्यातल्या खोलीला नाही.

२००२ साली ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी एका अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूत, उजव्या बाजूच्या एका ठिकाणी सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वरून स्वतःला पाहतोय असं वाटलं होतं. ‘मी इथे, या अंगात आहे’ हेही मेंदूच जुळवत असतो. हे मी आधी वाचलेलं होतं. तरी त्या सकाळी कागद हातात घेऊन बराच वेळ स्टुलावर बसून होते.

सराव सोडला नाही. काही महिन्यांनी स्वप्नात बाबा ओट्यावर शेंगा सोलत बसलेले दिसले. मी सवयीने नाक दाबून पाहिलं, तरी श्वास येत होता. म्हणजे स्वप्न. विचारलं, “बाबा, शेवटी फार त्रास झाला का हो?” ते म्हणाले, “जेवलीस का?” रोज फोनवर विचारायचे तेच. हे वाक्य माझ्याच डोक्यातून आलंय, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चेहरा पूर्ण दिसत होता, भुवईवरच्या तिळासकट. मी मनसोक्त पाहून घेतला. स्वप्न विरायला लागलं की तळहात चोळायचे, म्हणजे ते टिकतं, असं शिकले होते. मी चोळले नाहीत.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर आठवड्यातून एखादी पहाट पुरे. आधीच झोप कमी असेल, रात्रपाळी असेल किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर या वाटेला जाऊ नका. झोपमोड स्वस्त नसते.

बाबा अजून येतात, पण आता जाग आल्यावर ते पुन्हा जात नाहीत. आईला त्या पहाटेचं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, “अंगात काय होतं गं त्यांच्या?”

“तो निळा चौकटीचा शर्ट.”

“तो तर मी कधीच बोहारणीला दिला,” आई म्हणाली आणि भांडी घासायला लागली.