दिव्याखालची रोपे

सोलापुरात राहून उन्हाची वाण पडावी, याला दैवच म्हणायचे! साऱ्या गावाला ऊन नकोसे होते. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या तळमजल्यावर, चार इमारतींच्या मधोमध, कवडसासुद्धा वाट चुकून येतो. मला तर मिरचीची रोपे करण्याची हौस. शेवटी श्रावणात एका पसरट कुंडीत बी पेरून ती स्वयंपाकघरात ठेवली. वर छताला दिवा होताच.

आठ-दहा दिवसांत बी उगवले. रोपे भराभर उंच झाली. बालवाडीतल्या माझ्या मुलांना मी ती उंची हाताने करून दाखवली. आणि चौथ्या दिवशी पाहते, तर पांढऱ्या दोऱ्यासारखी सगळी आडवी!

सासूबाई दाराशी बसल्या होत्या. मोहोळकडचे रान विकून गेल्या वर्षी त्या आमच्याकडे आल्या, तेव्हापासून फारसे बोलत नसत. नवरात्रात घटही बसवला नव्हता. मालदांडी ज्वारीची पेरणी त्याच सुमाराला. बियाण्यात जीव किती, ते त्या घटात पाहत. "पेरायला रान नाही, मग धान कशाला बघायचं?" एवढेच म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी मात्र कुंडीपाशी येऊन म्हणाल्या, "ही वाढली नव्हती गं. उजेड हुडकत होती."

मग पुन्हा पेरणी झाली. दिवा खाली उतरला, रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर अंतरावर. दिवसाचे चौदा तास उजेड, रात्री अंधार. पाणी वरून घालायचे नाही. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवायची, माती खालून ओढून घेते. "घटातलं पाणी कसं झिरपत मातीला पोचतं? तसंच." रोज सकाळी त्या रोपांवरून हलकेच हात फिरवीत. मला ते लाड वाटत. पण त्यानेच देठ बळकट होतात.

एकदा मी विचारले, "आत्या, घटातलं धान तर पिवळंच असतं. ते कसं चालतं?"

"त्याला दहा दिवस काढायचेत. दसऱ्याला टोपीत खोवलं की झालं. तुझ्या मिरचीला सहा महिने उभं राहायचंय."

महिन्याने रोपे गच्चीवर न्यायची वेळ आली. एकदम उन्हात ठेवली तर करपतात. म्हणून पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे करीत गेलो. राखायला सासूबाई बसत. घरी आल्यापासून त्या प्रथमच गच्चीवर गेल्या होत्या. तिथे चार शेजारणी भेटल्या. त्यांनाही रोपांचे धडे मिळू लागले.

सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या, "उद्या घट बसवू. रानातली काळी माती मिळते का बघ कुठं."

कोणाच्या रानातली, ते मी विचारले नाही. पिशवी घेतली आणि निघाले.