अज्ञान आणि कर्ता

प्रौढांविना उरलेल्या मुलांची कथा हा पाश्चात्त्य किशोरवाङ्मयातील आता रुळलेला रूपबंध आहे. साथ येते किंवा युद्ध होते, मोठी माणसे एकाएकी नाहीशी होतात आणि मुलांना समाज पहिल्यापासून उभारावा लागतो. विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ने (१९५४) या रूपबंधाला त्याचा मध्यवर्ती प्रश्न दिला : मोठ्यांचा धाक सुटला की मुलांतील हिंस्रता उफाळून येते काय? १९६५-६६मध्ये टोंगातील सहा मुले ‘आटा’ या निर्जन बेटावर वर्षाहून अधिक काळ राहिली. त्यांनी विस्तव विझू दिला नाही. एकाचा मोडलेला पाय इतरांनी बांधून बरा केला. गोल्डिंगला वास्तवाने दिलेले उत्तर म्हणून ही घटना सांगितली जाते. मला मात्र प्रश्नाची मांडणीच अपुरी वाटते.

अमरावतीत एम.ए.च्या वर्गाला ही कादंबरी शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, की त्या बेटाचा सातबारा कोणाच्या नावावर होता. वर्ग हसला; तो हसला नाही. तो अकरा वर्षांचा असताना त्याच्या शेतकरी वडिलांनी आत्महत्या केली होती, हे मला पुढे कळले.

जुलै २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोला होते. अशा मृत्यूंनंतर घरातील माणूस जातो; सोसायटीचे कर्ज, सावकार, भाऊबंद आणि तलाठी मात्र जागच्या जागी असतात. शासकीय मदतीसाठी तो मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’, हेही समिती ठरवते. सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’, असे लिहून पालकाचे नाव घातले जाते. दप्तरात मूल अज्ञान ठरते. त्याच आठवड्यात दुखवट्याला आलेली माणसे त्याला सांगत असतात, की आता घराचा कर्ता तूच. या दोन शब्दांच्या मधल्या जागेत वऱ्हाडातील कितीतरी लेकरांचे बालपण संपते.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कोणताही प्रलय येत नाही. महादेवला महारोग होतो, कौतिक झिजत जाते आणि मोठ्यांचा आधार दिवसादिवसाने ओसरतो. ही कादंबरी दुःस्वप्नकथा म्हणून कोणी वाचत नाही. तरी या रूपबंधाची आपल्याकडील खरी सुरुवात मला तेथे दिसते.

गोल्डिंगची मुले समाज नसल्यामुळे भेदरतात. येथील मुलाला भय वाटते ते समाज पूर्णपणे शिल्लक असल्याचे. मराठीत अशी कादंबरी लिहिली गेली, तर तिला निर्जन बेटाची गरज भासणार नाही; गावचा फेरफार पुरेल. मूल रानटी होते काय, हा तिचा प्रश्न नसेल. त्याला मूल राहू देण्यास कोण नकार देते, हा असेल.