घोरपडीचं शेपूट

वाई,
रविवार सकाळ

चि. धाकटीस,


तुझा निरोप काल रात्री ऐकला. एकदा ऐकला, मग उठून दिवा लावला आणि परत ऐकला. होनोलुलूला चालली आहेस, लेकीने त्या काआआवाच्या खोऱ्यातली इलेक्ट्रिक सायकलवरची सहल ठरवली आहे, आणि 'ताई, तू केली आहेस ना ती, मला झेपेल का' असं विचारलंस. इथपर्यंत मला आनंदच झाला. पण जाता जाता म्हणालीस, 'तसं 'जुरासिक पार्क'चे डायनासोर सोडले तर तिथे बघण्यासारखं आहे तरी काय.' ते वाक्य रात्रभर टोचत राहिलं. फोन केला असता तर तोंडून काहीतरी लागेलसं निघालं असतं, म्हणून कागद घेतला. लिहून झाला की फोटो काढून पाठवते. चष्मा लावून वाच.

मेणवलीच्या घाटावर त्या पोरांना तू काय सुनावलं होतंस, आठवतंय? 'स्वदेस' येऊन गेल्यानंतरची गोष्ट. गाडीतून उतरून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, शूटिंग कुठे झालं? तू भाजीची पिशवी पायरीवर ठेवलीस आणि त्यांना आधी घंटेपाशी नेलंस. ही 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची घंटा, हा नाना फडणवीसांचा वाडा, ही कृष्णा, आणि आता विचारा तुमचं शूटिंग. त्यातला एक मुलगा घंटेवर हात ठेवून किती वेळ उभा राहिला होता. घरी येताना तू रडवेली झाली होतीस, 'आपलं गाव म्हणजे काय नुसता पडदा आहे का गं?' म्हणत होतीस. ती तूच. आणि आज दुसऱ्याच्या गावाला निघताना तूच विचारतेस की डायनासोर सोडून काय आहे!

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. झेपेल. ती मोपेड नव्हे. पायडल मारलं तरच मोटर साथ देते, पाय थांबले की तीही थांबते. हँडलवर एक बटण असतं, त्यावर मदत कमीजास्त करता येते. चढावर वाटतं की मागून कुणीतरी सीटला हात लावून ढकलतंय. मला पहिल्या चढाला अण्णाच आठवले, पुढची पाच मिनिटं मी एकटीच नव्हते. पण सायकल जड असते, वीस-पंचवीस किलोची, आणि तुझी ती सवय, एक पाय पायडलवर टेकवून दुसरा वरून टाकायची, ती तिथे चालणार नाही. पायडलवर भार पडला की सायकल पुढे उसळी घेते. माझी पहिल्याच मिनिटाला अशी निसटली आणि पायडलचा दात पोटरीत घुसला. खूण अजून आहे. आधी सीटवर बस, दोन्ही ब्रेक धर, मग पाय ठेव. आणि ब्रेक तपासून घे: अमेरिकेत डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. खडीच्या उतारावर घाबरून तोच एकटा करकचून दाबलास तर काय होईल ते तुला मी सांगायला नको. पसरणीचा उतार तू विसरली असशील, मी नाही विसरले.

गिअर चढ लागायच्या आधी हलका करायचा. चढाच्या मध्यावर करायला गेलं की साखळी कुरकुरते आणि पाय अडखळतो. बाकी वाटाड्या पुढे असतो, तो मागे बघत बघत चालतो. वाट लाल मातीची, मध्ये मध्ये खडीची, कुठे गुरांसाठी केलेली फाटकं. गुरं खरोखरच आहेत, ती जागा मुळात गुरांची वाडीच आहे, 4,000 एकरांची. तीन खोरी त्यात येतात, कुआलोआ, हाकिपुऊ आणि काआआवा. नावं नीट म्हण. हवाईच्या भाषेतले स्वर आपल्यासारखेच आहेत, फक्त दोन 'आ'च्या मध्ये घसा किंचित थांबवायचा. का, आ, आवा. 'कावा' म्हणू नकोस, आपल्या वाईला कुणी 'वय' म्हटलं तर कसं वाटेल?

आणि पाऊस. वायकीकीला स्वच्छ ऊन बघून तू रेनकोट हॉटेलात ठेवशील, मला खात्री आहे. त्यात वाई-महाबळेश्वरसारखाच प्रकार आहे गं. ईशान्येकडून वारे येतात, कोओलाऊच्या डोंगराला धडकतात, पाणी तिथेच ओतून टाकतात, आणि डोंगरापलीकडची वायकीकी आपल्या वाईसारखी पर्जन्यछायेत कोरडी राहते. तुझी सहल धडकणाऱ्या बाजूला आहे. पस्तीस वर्षं मी फळ्यावर हे चित्र काढलं, तिथे ते डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. दहा मिनिटं सर, मग ऊन, मग इंद्रधनुष्य, मग परत सर. त्या पावसानेच कड्यांना वरपासून खालपर्यंत पन्हाळी पाडल्या आहेत, इतक्या खोल आणि इतक्या जवळजवळ की कड्याला निऱ्या घातल्यासारखं दिसतं. त्या निऱ्यांवर हिरवळ चढली आहे. आपल्या माचीवरून जावळीकडचा जो उतार दिसतो ना, श्रावणातला, तो उभा करून ठेवल्यासारखा.

डायनासोरचं म्हणतेस तर ऐक. तू जातेस त्या ओआहू बेटावर डायनासोरने कधी पाऊल टाकलेलं नाही, कारण तेव्हा ते बेटच नव्हतं. कोओलाऊचा ज्वालामुखी दोन-तीन दशलक्ष वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूगोलाच्या हिशेबात कालचा. डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि त्याच सुमाराला आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांनी रचला जात होता. तू परसात धुणं वाळत घालतेस तो दगड त्या काळाचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडं सापडली आहेत. डायनासोर बघायला हवाईला जायची गरज तुला तरी नाही.

सिनेमातलं ते पडलेलं झाड मात्र आहे, त्याच्यामागे लपून सगळे फोटो काढतात. तूही काढ, माझं काही म्हणणं नाही. 'जुरासिक पार्क'चं चित्रीकरण कौआई बेटावर चालू असताना 11 सप्टेंबर 1992 ला इनिकी नावाचं चक्रीवादळ तिथे आलं, आणि मग कळपाने डायनासोर धावतात तो प्रसंग काआआवाच्या कुरणात घेतला. मी त्या ओंडक्याला टेकून उभी राहिले तेव्हा मनात आलं की इथे प्रत्यक्षात पळाली ती तीन माणसं, एक मोठा आणि दोन मुलं. बाकी सगळं नंतर संगणकावर काढलं. म्हणजे त्या दिवशी इथे जे खरं होतं ते कुरण, वारा आणि मागचा कडा. नंतर गॉडझिलाच्या पावलांचे खड्डे, 'लॉस्ट', 'जुमांजी', किंगकाँगच्या सिनेमातली हाडं, सगळं त्याच खोऱ्यात येऊन गेलं. गवत पुन्हा वाढलं.

आमचा वाटाड्या पंचविशीतला मुलगा होता. प्रत्येक थांब्यावर चित्रपटाचं नाव सांगायचा, लोक फोटो काढायचे, पुढे निघायचं. चौथ्या की पाचव्या थांब्यावर मी त्याला विचारलं, बाळा, या डोंगराचं नाव काय? त्याने सायकल स्टँडला लावली, शिरस्त्राण काढून हातात घेतलं आणि म्हणाला, कानेहोआलानी. मग ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्यानंतर त्याचा आवाजच बदलला. त्याने जे सांगितलं त्यासाठी मी तुला हे एवढं लिहिते आहे.

समुद्रात समोर एक छोटं टोकदार बेट दिसतं, मोकोलिई. ज्वालामुखीची देवी पेले, तिची धाकटी लाडकी बहीण हिइआका. थोरलीच्या कामासाठी धाकटी कौआईला निघाली. या किनाऱ्यावर तिला एका महाकाय मोओने अडवलं. मोओ म्हणजे सरडा म्हण, पाल म्हण, मी घोरपड म्हणते. हिइआकाने त्याला मारलं, शेपूट समुद्रात फेकलं, तेच हे मोकोलिई, आणि धड म्हणजे कड्याखालची सपाटी. कुआलोआ या नावाचा अर्थच 'लांब पाठ'. कळलं का तुला? सिनेमावाले आपले मोठमोठे सरडे घेऊन आले, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून त्या भूमीची कथा एका अजस्र सरड्याची आहे, आणि तुम्ही सायकली चालवणार त्या सगळ्या त्याच्याच अंगावरून. हे एका शब्दानेही न ऐकता लोक परत जातात. मला त्याचं वाईट वाटतं, खरंच वाईट वाटतं.

त्या काळी कुआलोआ इतकं पवित्र मानत की समोरून जाणाऱ्या नावा शिडं उतरवून जात. राजघराण्यातली मुलं शिकायला तिथे ठेवत. खाली मोलिई नावाचं मत्स्यतळं आहे, सव्वाशे एकरांचं, दगडी बांध घालून समुद्रातून काढलेलं, शेकडो वर्षांचं. बांधाला फटी ठेवलेली फाटकं: लहान मासा भरतीला आत येतो, आत वाढतो, मग फटीतून बाहेर जाऊ शकत नाही. किती साधं, किती विचारपूर्वक! सायकलच्या सहलीत तिथे थांबतीलच असं नाही, पण विचार. 1850 साली तिसऱ्या कामेहामेहा राजाकडून जड नावाच्या मिशनरी डॉक्टरने 622 एकर 1,300 डॉलरला घेतली, तिथून ही वाडी सुरू झाली. त्याच वर्षी परदेशी माणसांना तिथे जमीन विकत घ्यायची परवानगी मिळाली होती. जमिनीला त्यांचा शब्द 'आइना', म्हणजे जी खाऊ घालते ती. असा शब्द ज्यांच्या तोंडी, त्यांना ते खरेदीखत बघताना काय वाटलं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

मी एकाच बाजूने बोलते आहे असं तू म्हणशील. तेही खरं. त्याच घराण्याने ती जमीन अजून राखली आहे, तिथे हॉटेलांचे मनोरे उभे राहिले नाहीत, आणि त्यात सिनेमाच्या पैशाचा वाटा आहे असं त्या मुलानेच सांगितलं. मेणवलीत आपण एवढं तरी म्हणू शकतो का? म्हणून तू सिनेमा बघूच नकोस असं मी म्हणत नाही. फक्त प्रत्येक थांब्यावर एकदा, एकदाच, 'याचं नाव काय' एवढं विचार. तो मुलगा असेल तर ओळखेल.

आणखी एक. उतारांवर बारीक पानांची, चपट्या शेंगांची झुडपं माजलेली दिसतील. जवळ जाऊन बघ. आपली सुबाभूळ आहे ती! तिथे तिला कोआ हाओले म्हणतात, हाओले म्हणजे परकी. उरुळीकांचनला मणिभाईंनी चाऱ्यासाठी लोकांना लावायला सांगितली, त्यातली उंच वाढणारी जात हवाईहूनच आली होती. आबांनी बांधावर लावलेली तीच ही. आणि साळुंकी दिसेल, ती आपल्याकडून तिकडे नेलेली, 1865 साली. मला ती एका फाटकावर बसलेली दिसली आणि घशात आवंढा आला. अळूही दिसेल, खाचरात लावलेलं. त्याला ते कालो म्हणतात आणि आपल्या वंशाचा थोरला भाऊ मानतात, म्हणून जेवताना त्याच्यासमोर भांडत नाहीत. हे ऐकल्यापासून मी फदफदं करताना गप्प असते.

आता माझी काळजी. ओढे फार सुंदर आहेत, पण पाण्यात पाय घालू नकोस. तिथल्या गोड्या पाण्यात लेप्टोचा जंतू असतो, आपल्या कोकणातलाच तो, खरचटलेल्या जागेतून शिरतो. माझ्या पोटरीला लागल्यावर त्या मुलाने मला पहिली गोष्ट हीच सांगितली. परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढायचा नाही, डॉक्टरला 'ओढ्याचं पाणी लागलं होतं' असं सांगायचं. ओहोटीला लोक पाण्यातून चालत मोकोलिईला जातात, तू जाणार नाहीस. जावई म्हणाले तरी नाही. डाव्या घोट्याला पट्टी बांध, बंद बूट घाल, गोळी सकाळची सकाळीच घे. आणि त्या गुडघ्याचं तू लेकीला सांगितलंयस का? मला वाटतं नसेल सांगितलंस. आज सांग. बसची सहलही त्याच खोऱ्यातून जाते, त्याच कड्याखाली थांबते, त्यात कमीपणा काही नाही.

सहल सकाळी साडेआठची म्हणालीस. तुझे साडेआठ म्हणजे इथे बरोबर रात्रीचे बारा. मी जागी असेन. सुटल्या सुटल्या फोन कर, आणि फोटोंच्या आधी मला डोंगराचं नाव म्हणून दाखव.

तुझी,
ताई